नऊ नंबरचा जोड

झरी, ता. तलासरी

संदीप,

स्केटिंगची रिंक झाली. आजा जिथे भात झोडायचा, त्या घरामागच्या खळ्यावरच कोबा घातला. वापीच्या मॉलमध्ये आपण दोघं लोकांना स्केट्स बांधून द्यायचो, तेव्हा तू म्हणायचास, तुमच्या गावात पडायला पैसे कोण देणार?

काल उद्घाटन होतं. सकाळी उठून बघते तर नव्या गुळगुळीत कोब्यावर अख्ख्या पाड्याचं भात वाळत घातलेलं. मी बोंबलत सुटले. शेजारची सुकीकाकी म्हणाली, "एवढं मोठं खळं बांधलंस, रिकामं कशाला ठेवायचं?"

दुपारी बायकांनी भात भरलं, रिंक झाडून लख्ख केली आणि झाडू ठेवून सगळ्या स्केट्स मागायला बसल्या.

काकीचे पाय जन्मभर चिखलात अनवाणी राबून पसरलेले. तिला एकही जोड बसेना. नऊ नंबरचा एकच होता, तो मी खिळ्याला वेगळा टांगून ठेवला होता. कोणासाठी, ते तुला सांगायला नको.

"तो कोणाचा?" काकीने विचारलं.

"कोणाचा नाही," म्हणत मी काढून दिला.

लुगडं वर खोचून, माझे हात धरून ती निघाली. मला घेऊन पडली, हसली, उठली, परत पडली. संध्याकाळपर्यंत पाड्यात घरी कोणी उरलं नव्हतं.

हे पत्र तुला बोलवायला लिहायला घेतलं होतं. पण आता तू आलास तरी पायात घालशील काय? काकीने तो जोड उद्यासाठीही सांगून ठेवलाय.

काकीला हात द्यायला निघालेली,
हर्षदा