लग्नाच्या कॅसेटमधला सांधा

बाबा,

मी एक सिनेमा केला. दुसऱ्यांचे पुष्कळ केले आहेत, म्हणजे त्यांनी शूट करून आणलेलं कापून-जुळवून दिलं. हैदराबादेत माझं पोट त्यावरच चालतं. हा मात्र माझा स्वतःचा. तामसीकडच्या त्या मुलीवर, जिच्या लग्नाची कॅसेट तुम्ही बनवली होती आणि जिच्या मुकदम्यात पुढे तुम्ही गवाही दिलीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आदिलाबादला बस स्टँडमागं आपलं दुकान नेमकं कुठं होतं ते मला लोकांना विचारावं लागलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. विकणाऱ्याला इथं कधी फोटो स्टुडिओ होता हे माहीत नव्हतं, आणि मीही सांगत बसले नाही.

दुकान आठवलं की मला आधी वास येतो, तापलेल्या मशिनींचा आणि कॅसेटींच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी. एकावर मूळ टेप चालायची, दुसऱ्यावर ती उतरायची. नको असेल तिथं पॉज दाबायचा, हवं तिथं सोडायचा, एवढंच तुमचं एडिटिंग. पॉज सोडल्यावर मशीन चालू व्हायला क्षणभर घेतं म्हणून तुम्ही किंचित आधीच बोट उचलायचात, आणि ते किंचित म्हणजे किती हे तुम्हाला कधी मला सांगता आलं नाही. मी शाळा सुटली की तिथंच यायचे. एकदा तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी एका लग्नातली पाठवणी एकटीनं उतरवली. नवरीची जीप निघून जाते, धूळ खाली बसते आणि नवरीची आई नुसती उभी राहते, कॅमेरा तिच्यावरच राहिलेला. मी जीप गेल्याबरोबर कापलं आणि पुढं देवदर्शन जोडलं. तुम्ही आलात, पाहिलंत, खांद्यावरचा रुमाल टेबलावर टाकलात. "ते काऊन कापलं तू?"

"तिथं काहीच होत नाही, बाबा."

"होत नाई? ते बाई अजून पाहून राह्यली न रस्त्याकडं. तिचं पाहून झालं काय? तिचं झालं का मंग काप."

सगळं पुन्हा करायला लावलंत. पुढं मी हे काम कॉम्प्युटरवर शिकले, मोठ्या माणसांच्या हाताखाली शिकले, जगभरचे सिनेमे थांबवून थांबवून पाहिले. तरी कुठं कापायचं हे ठरवताना मी आधी तेच विचारते, समोरच्या माणसाचं पाहून झालं का. माझ्या कामाचं लोक कौतुक करतात ते बहुतेक त्याच एका गोष्टीचं असतं.

त्या मुलीच्या लग्नाला मी नव्हते, माझी परीक्षा होती. कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातली मुलगी, सासर बोथकडचं. कॅसेट तयार झाल्यावर मी ती दुकानात पाहिली. मांडवात आंदण मांडलेलं, कपाट, पलंग, भांडी, शिलाई मशीन; हसणारी माणसं, वरून गाणं. मुलगी फार गोड हसायची, वरचा ओठ दाताला चिकटायचा आणि ती तो बोटानं सोडवायची. मध्ये एका ठिकाणी चित्र थरथरलं, पट्टे आले आणि पुढचं सुरू झालं. इतका दिसणारा सांधा तुमच्या हातून सहसा राहत नसे, म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "थोडी बाचाबाची झाली व्हती, गाडीवरून. नवऱ्याचा मोठा भाऊ अडून बसला. लग्नात होतेच. जलमभर पाहाची कॅसेट हाये बाई, त्यात भांडन ठेवते काय कोनी?" मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

वर्ष फिरायच्या आत ती मुलगी जळून मेली. स्वयंपाक करताना स्टोव्ह भडकला, असं सासरच्यांनी सांगितलं. मग एका दुपारी तिची आई दुकानात आली. मुलीचा बापही सोबत होता, पण तो बाहेर पायरीवरच बसला. ती तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, थे लोक मांडवात गाडीवरून बोलले व्हते. गाडी नाई तं पोरगी ठेवून घ्या म्हने. तुमच्या मशीनीत ते असन न? पोलिसाईले दाखवाचं हाये."

तुम्ही उठलात. कपाटातून मूळ टेप काढलीत आणि लावलीत. तुम्हाला माहीत होतं त्यात काय असणार, आणि मलाही. वापरलेल्या मूळ टेपवर पुढचं लग्न घ्यायचं, ही आपलीच नाही, सगळ्याच स्टुडिओंची रीत होती. तरी तुम्ही लावलीत. टीव्हीवर एक नवरी आली, हळद लावलेली, मान खाली घातलेली. ती बाई पदर सावरून पुढं वाकली, अगदी काचेजवळ गेली. बराच वेळ पाहून म्हणाली, "हे कोन व्हय?"

"दुसरी हाये, माय," तुम्ही म्हणालात. "हे दुसरीचं लग्न हाये."

गवाहीच्या दिवशी मी तुमच्यासोबत आले, कारण कोर्टात टीव्ही नव्हता. कॅसेट दाखवायची तर आपल्याच दुकानातला टीव्ही आणि आपलाच व्हीसीआर ऑटोत घालून न्यावा लागला. कॅसेट मागवली होती ती आरोपीच्या वकिलानं. तुम्हीच वायरी जोडल्यात, चित्र हलत होतं ते तुम्हीच नीट केलंत. सगळं कोर्ट लग्न पाहत होतं. आंदणापाशी मुलीचा बाप आणि नवऱ्याचा भाऊ हसताहेत, गाणं चाललंय, मुलगी ओठ सोडवतेय. तुम्ही सांगितलंत की इथं भांडण झालं होतं, गाडी मागितली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं. वकील तुमच्याहून बराच लहान होता. त्यानं तेलुगूत विचारलं, "कुठंय भांडण? दाखव." तुम्ही म्हणालात, मी ते कापलं. "नुव्वे कट चेसिनवा?" तूच कापलंस? अरे-तुरेनं. तुम्ही हो म्हणालात. मग त्यानं विचारलं, की त्या दिवशी जे खोटं वाटलं म्हणून काढून टाकलंस ते आज खरं कसं झालं. "खोटं नव्हतं म्हणून कापलं, साहेब," तुम्ही आधी मराठीत म्हणालात, मग तेलुगूत सांगू लागलात, पण शब्द जुळेनात. कुणीतरी मागं हसलं. मुलीचा बाप समोरच्या बाकावर बसला होता. तुम्ही बोलताना सारखे त्याच्याकडे पाहत होतात. तुम्हाला त्याच्यापुढं लाज वाटतेय, असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या एका पेशीच्या तारखेला ती सासरची माणसं सुटली. संशयाचा फायदा मिळाला. निकालाच्या कागदात लग्नाच्या कॅसेटचा उल्लेख होता, दोन्ही कुटुंबांमध्ये सलोखा दिसतो असा.

त्यानंतर तुम्ही कापायचं सोडलंत. जे शूट होईल ते सगळं तसंच उतरवून द्यायचात, रुसणारे मामा, ओरडणारे आचारी, रडणारी पोरं, काळोख, कॅमेरा खाली लोंबकळताना दिसणारे लोकांचे पाय. लोक कॅसेट परत घेऊन यायचे. "जसं झालं तसं हाये, घ्या," एवढंच तुम्ही म्हणायचात. आई विनवायची, मी चिडायचे. चौकात कॉम्प्युटरवर मिक्सिंग करणारा नवा स्टुडिओ निघाला आणि गिऱ्हाईक तिकडं गेलं. दुकान बंद झाल्यावर तुम्ही घराच्या ओट्यावर बसून राहायचात. दम लागायचा, पण दवाखान्यात जायचं नाव काढायचा नाहीत. शेवटी गेलात ते परत आला नाहीत. मी तेव्हा हैदराबादेत एडिटिंग शिकत होते. तुम्हाला ते आवडलं की नाही हे तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मी विचारलं नाही.

सिनेमासाठी त्या गावी गेले तेव्हा मुलीची आई भेटली. नवरा मागेच वारलेला, ती धाकट्या मुलाजवळ राहते. तिनं मला ओळखलं, "स्टुडिओवाल्याची पोट्टी न तू?" म्हणाली आणि चहा ठेवला. ती खूप बोलली. कॅमेरा करणारी माझी मैत्रीण मंचेरियलची, तिला मराठी अर्धवट कळतं, तरी तिनं त्या बाईवरून कॅमेरा हलवला नाही. निघताना म्हातारीनं लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली कॅसेट आणून दिली. त्यांच्या घरातला व्हीसीआर बिघडल्यापासून ती तिनं पाहिली नव्हती. टेपला बुरशी लागली होती. हैदराबादेत एकानं ती साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून दिली.

मग मी तो सांधा पाहिला. दुकानात पाहिला होता, कोर्टात पाहिला होता, पण तेव्हा मी तुमच्याकडे पाहत होते. आता एकेक चित्र पुढं सरकवत पाहिलं. पट्टे येण्याआधी मुलीच्या बापाच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे. पट्टे गेल्यावर तो बोडका आहे, टोपी त्याच्या हातात आहे आणि तो ती झटकतोय. पांढऱ्या टोपीवरची माती त्या खराब टेपमध्येही दिसते. शेजारी नवऱ्याचा भाऊ हसतोय.

मुलीच्या बापानं टोपी सासरच्यांच्या पायावर ठेवली होती, बाबा. भर मांडवात. तुम्ही ते डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यातून पाहिलंत आणि कापलंत, आणि कोर्टात गाडीचं सांगितलंत पण टोपीचं सांगितलं नाहीत, कारण तो समोर बसला होता. मला हे कळायला इतकी वर्षं लागली. तुम्ही सांगितलं असतंत तर कोर्टात ती जागा पुन्हा दाखवावी लागली असती, आणि जे मला दिसलं ते न्यायाधीशाला दिसलं असतं. कदाचित. की नसतंच दिसलं.

मी सगळा सिनेमा त्या सांध्याभोवती उभा केला. बाण नाही, गोल नाही, चित्र थांबवणं नाही. आधी एकदा पूर्ण लग्न, मग म्हातारीचं बोलणं, मग पुन्हा तीच जागा, आणि माझ्या आवाजात एक वाक्य, हा तुकडा माझ्या वडिलांनी कापला. मैत्रीण पाहताना रडली. इतकी वर्षं हे काम करतेय, पण दोन चित्रांच्या मध्ये एवढं मावतं हे मला त्या दिवशी कळलं.

कुणाला दाखवण्याआधी म्हातारीला दाखवायचं, हे मी ठरवलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीवर लॅपटॉप ठेवला. ती चुलीपुढं पाटावर बसली. मुलगी दिसल्याबरोबर तिनं हात जोडले, मग तिच्यासारखंच हसली. दुसऱ्यांदा ती जागा आली, टोपी आली, माझा आवाज आला. ती उठली आणि भाकरीच्या पिठाची परात उगाच पुसू लागली. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं, काकू?"

"त्याईचं ते टोपीवालं काढ."

मी म्हटलं, "तेच तर खरं आहे. लोकांना कळायला पाहिजे ना."

"मले म्हाईत हाये खरं हाये. मी तिथंच उभी व्हती." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "थे मरेपर्यंत ती टोपी पुन्हा डोक्शावर घेतली नाई त्याईनं. घरात कोनी पोरीचं नाव काढत नव्हतं. तुह्या बापानं ते कापलं म्हनून त्याईले पोरगी पाह्याले भेटली. रोज पाहत व्हते. आता तू साऱ्या दुनियेले दाखवशील काय त्याईले तसं?"

मी लॅपटॉप मिटला. तिनं मला जेवून जा म्हटलं आणि मी जेवले.

परत येऊन मी ते काढलं. दुसऱ्यांदा येणारी ती जागा काढली, माझं वाक्य काढलं, आणि पहिल्या वेळच्या लग्नातही सांध्याच्या आधी बाहेर पडून थेट मुलीच्या चेहऱ्यावर गेले. कॉम्प्युटरवर पट्टे येत नाहीत, काही उरत नाही. मैत्रिणीनं पाहिलं आणि विचारलं, "फिर बचा क्या?" आता तो एका आईनं आपल्या मेलेल्या मुलीबद्दल बोलण्याचा सिनेमा आहे, तसे पुष्कळ आहेत. मैत्रिणीनं त्यावरून आपलं नाव काढायला सांगितलं. ज्यांनी आधीचा पाहिला होता त्यांनी, पूर्वीचा बरा होता, असं सभ्यपणे कळवलं. मुलीच्या सासरची ती माणसं बोथला आहेत अजून. मोठ्या भावाच्या नातीचं लग्न ठरलंय म्हणतात.

सगळ्यांना मी सांगितलं, म्हातारीचा शब्द मोडवला नाही. ते ऐकून कुणी कुणी माझा हात हातात घेतात. हे लिहिलेलं मी कुणाला वाचू देणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ज्या दिवशी मी ते कापलं त्या दिवशी माझ्या मनात ती बाई नव्हती, तिचा नवराही नव्हता. आधी मी टोपी नाही काढली, माझं ते वाक्य काढलं, ज्यात कापणारे तुम्ही होतात. ते गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकी उघडली.