साहेबच राहू द्या

१४ मे
काल माझ्या सरपंचपदाची मुदत संपली. आज शिक्का, किल्ल्या, कपाट सगळं ताब्यात दिलं. शेवाळे साहेब मोटारसायकलवर आले. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, आता आमच्या ग्रा.पं.चे प्रशासक. निवडणूक होईपर्यंत तेच सरपंच, तेच सदस्य, सगळं तेच. देवळ्याकडचे, घरी कांदा. परीक्षा देऊन लागलेले. आमच्या पल्लवीपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठे असतील.
खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "ताई, बसू ना?" मला कसंतरीच झालं. पहिलं वर्षभर त्या खुर्चीत आमचे हे बसायचे आणि मी बाजूच्या स्टुलावर. नंतर मीच एक दिवस लवकर जाऊन बसले, तेव्हा कुठे.
घरी आल्यावर हे म्हणाले, "सुटलो एकदाचे." मी पण हो म्हटलं. जेवण गेलं नाही.

३० मे
खालच्या आळीला नळाला पाणी आलं. सकाळी, धारेचं. बायका हंडे न घेता नुसत्या बघायला उभ्या.
झालं काय, साहेबांनी नळाला लावलेल्या, पाणी ओढणाऱ्या मोटारी काढायला लावल्या. सगळ्यांच्या. आमच्या थोरल्या दिरांची, भाऊंची पण. भाऊंची मोटार मला माहीत नव्हती असं नाही. बोलले असते तर घर फुटलं असतं, आणि त्या घरातली मतंही गेली असती. खालच्या आळीच्या बायका पाच वर्षं माझ्या दारात हंडे आपटायच्या, मी टाकीची दुरुस्ती चालू आहे म्हणायचे.
भाऊ साहेबांवर ओरडले. साहेब शांत. म्हणाले, "काका, मला कुणाचं मत नकोय."
हेच वाक्य दिवसभर डोक्यात.

१२ जून
पल्लवी आली दोन दिवसांसाठी. नाशिकला रूम घेऊन अभ्यास करते, राज्यसेवेचा. वाळलीय. मेथीच्या चार भाकरी केल्या, दीड खाल्ली.
पाण्याचं ऐकून खूश. "बघ आई, एक शिकलेला माणूस आला आणि महिन्यात काम झालं. निवडणूक हवीच कशाला? गाडी चालवायला लायसन लागतं, गाव चालवायला काहीच नाही."
मी म्हटलं, "मी दहावी. माझ्याकडे पण नव्हतं लायसन."
"तुझं वेगळं गं."
काय वेगळं, ते नाही सांगितलं. मी पण विचारलं नाही. रागावलेही नाही खरं तर. तिचं बरोबर असेल तर रागावून काय करू?

२३ जून
वरच्या वाडीची शाळा बंद. पोरं गावातल्या जि. प. शाळेत आणणार. शिक्षण खात्याचं कधीचं चाललं होतं, ग्रा.पं.ची हरकत नाही एवढं लिहून हवं होतं. मी पाच वर्षं दिलं नाही. वाडी माझी. वाडीनं एकगठ्ठा मतं दिली म्हणून मी निवडून आले. पण शाळा कसली होती ती! एक मास्तर, चारही वर्ग एका खोलीत, पावसात मास्तर येत नाहीत. पोरं चौथी झाली तरी अक्षर ओळखत नाहीत. मला दिसत होतं.
साहेबांनी एका दिवसात लिहून दिलं. आणि नुसतं लिहून दिलं नाही, पोरांना आणायला जीप लावली, ग्रा.पं.च्या निधीतून. घाटाखालचा रस्ता, ओढा, सगळं बघून आले स्वतः.
मला जीप का सुचली नाही?

९ जुलै
मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. विषय एकच, निवडणूक नको, शेवाळे साहेबच राहू द्या. भाऊसुद्धा त्यांच्या बाजूने! म्हणे, मोटार गेली पण भांडणं पण गेली. पूर्वी निवडणुकीनंतर वर्षभर दोन पार्ट्या एकमेकांच्या लग्नाला जायच्या नाहीत, खरं आहे.
मी मागे बायकांत बसलेले. कुणीतरी म्हणालं, माजी सरपंच काय म्हणतात? सगळ्यांच्या माना वळल्या. मी हात वर केला, हो म्हणून. टाळ्या पडल्या. पाच वर्षांत मला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.
साहेब लाजले. म्हणाले, "असा ठराव कायद्यात बसत नाही. पण आभारी आहे."
हात का वर केला? पटलं म्हणून, की सगळे बघत होते म्हणून? पावसात घरी येईपर्यंत ठरलं नाही.

३ ऑगस्ट
शाळेत गेले होते. वाडीची मंदा, हिराबाईची नात, तिसरीत. तिने मला धडा वाचून दाखवला. बोट ठेवून, अडखळत, पण शेवटपर्यंत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन डोळे पुसले.
येताना हिराबाई भेटली. भाताची लावणी उरकून, गुडघ्यापर्यंत चिखल. मी कौतुक सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "शिकतीय, नाय कोन म्हनतं. पन शाळा आमची व्हती ना बाय. भिती आमी लिपल्या. कुलूप लावताना आमाला इचारलं नाय."
"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?"
"नाय म्हनलो असतो," ती हसली. "मंग त्यानं समजावलं असतं. मंग हो म्हनलो असतो."

२० ऑगस्ट
ग्रा.पं.त गेले. साहेबांना हिराबाईचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. हे मान्य करायला पाहिजे, माणूस ऐकतो. मग म्हणाले, "ताई, विचारत बसलो असतो तर हे वर्ष गेलं असतं. त्या मुलीचं तिसरीचं वर्ष परत येत नाही."
खरंच आहे.
"आणि तुमचं चुकलं तर?"
"वर उत्तर द्यावं लागतं. चौकशी होते, बढती थांबते."
"वर. खाली नाही?"
त्यांनी चहाचा कप फिरवला. "खाली उत्तर द्यायचं म्हटलं असतं, तर मोटारी निघाल्या असत्या का?"
मी माझा चहा संपवला. खरं तर त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं. गावात असं कुणी बोलत नाही माझ्याशी.

१२ सप्टें.
शेवाळे साहेबांची बदली. बढतीवर, लांब मराठवाड्यात. पंधरा मिनिटांचा निरोप समारंभ, शाल, नारळ. गाव रडवेलं. भाऊ म्हणाले, आपण मोर्चा काढू. कुणासमोर, ते कुणाला माहीत नाही.
निघताना साहेब मला म्हणाले, "ताई, मला आवडलं असतं राहायला." थट्टा नव्हती. हे परीक्षेत कुठे लिहिलेलं असतं, की गाव आवडलं तरी सोडावं लागेल.

७ ऑक्टो.
नवे साहेब. तीच परीक्षा, तेवढेच मार्क असतील, कदाचित जास्त. पाच गावं आहेत त्यांच्याकडे. आमच्याकडे एकदा आले, गाडीतून उतरून सही केली, गेले. वाईट माणूस नाही. दमलेला वाटला.
जीप बंद. लेखापरीक्षणात हरकत निघाली म्हणे, वाडीचं अंतर नियमात बसत नाही.

१५ ऑक्टो.
हिराबाई, वाडीच्या आणखी दोघी आणि मी, चौघी तालुक्याला गेलो. इगतपुरीत नेहमीसारखं धुकं, बायका कुडकुडत बाकावर. दुपारपर्यंत बसवलं. मग नव्या साहेबांनी बोलावलं, पाणी दिलं, नियम वाचून दाखवला. गाडी मिळायला लागतं त्यापेक्षा अंतर खरंच थोडक्यात कमी पडतंय. ते म्हणाले, "मी दिलं तर उद्या माझ्याकडून वसुली निघेल. तुम्ही अर्ज द्या, मी वर पाठवतो."
बाहेर आल्यावर हिराबाई पायरीवरच बसली. "सुनंदा, तू सरपंच व्हतीस तवा मी तुझ्या दारात येऊन शिव्या घातल्या का नाय?"
"घातल्यास. गणपतीत पण घातल्यास."
"तू ऐकायचीस. काम नाय केलंस, पन ऐकायचीस. ऐकावं लागायचं तुला. हा बी ऐकतो. पन ह्याला ऐकलं काय, नाय ऐकलं काय."
बसमध्ये ती झोपली. मी नाही.

४ नोव्हें.
टोमॅटो तोडायला वाडीच्या बायका आल्या. मंदा पण होती आईबरोबर. शाळेचं विचारलं तर आई म्हणाली, "चालत लय लांब. तिच्या बापाला एकटी पाठवायची नाय." पोरगे जातात चालत. पोरी बसल्या घरी, सगळ्या.
मंदाला मी बांधावर बसवलं, तोडायला लावलं नाही. ती खतांच्या गोणीवरचं वाचत बसली होती, मोठ्याने. माझ्याने तिकडे बघवेना.
शाळा वाडीत असती तर काही शिकली नसती. गावात आहे तर पोचत नाही. ह्यातलं मी काय करू शकले असते आणि काय...

१८ नोव्हें.
निवडणूक लागली. आता सरपंचपद खुलं, बाईची राखीव जागा नाही.
रमेशशेठ उभा राहणार. प्लॉट पाडून विकतो, हायवेला ऑफिस. गायरानावर डोळा आहे हे गावात लहान पोराला माहीत. आणि आज बघितलं, वाडीच्या पोरींना जीप आली. त्याची. काचेवर त्याचा फोटो, हात जोडलेला. मंदा खिडकीत बसलेली, मला हात केला. मी पण केला.

२३ नोव्हें.
पल्लवी आली. पूर्व परीक्षा निघाली! पेढे वाटले. मग सांगायचं नव्हतं तरी रमेशशेठचं निघालं.
"हे बघ तुझं लोकराज्य," म्हणाली. "मटण आणि जीप. मतं विकत घेतोय तो."
"घेतोय. पण जीप चालू आहे."
"आई! तू त्याची बाजू घेतेस?"
"नाही गं. शेवाळे साहेबांची जीप चांगली होती, पण ती ते गेल्यावर गेली. ह्याची वाईट आहे, ती निवडून आल्यावर जाईल. पोरींनी कशात बसायचं, ते सांग."
मग भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी साहेब झाले आणि पाच गावं दिली मला, तर मी त्या दुसऱ्यासारखी होईन का गं?"
"नाही होणार."
"कशावरून?"
आई म्हणून 'नाही होणार' म्हणता येतं, पण पाच वर्षं मी पण खुर्चीत बसलेय. खुर्ची कुणाला काय करते, ते आधी नाही कळत.

२७ नोव्हें.
वाडीत गेले. सरळ विचारलं, मी उभी राहिले तर? हिराबाईनं चहा टाकला, मग सरळच सांगितलं, "गाडी त्याची हाय. मत बी त्यालाच पडंल. तुला खोटं कशाला सांगू?"
"गायरान गेलं तर गुरं कुठे नेणार?"
"ते दोन वर्सांनी. पोरगी आत्ता जातीय साळंत."
तिथे एक म्हातारा होता, कोपऱ्यात विडी ओढत. म्हणाला, "उभी ऱ्हा. पडलीस तरी ऱ्हा. समोर कोन असलं म्हंजी त्यो जरा दबून वागंल." बाकीच्या बायका त्याच्यावर हसल्या.
संध्याकाळी रमेशशेठ घरी. पाया पडला. "वहिनी, आमच्या पॅनलमधून सदस्य व्हा. तुमचा अनुभव वाया कशाला?" गायरानाचं विचारलं तर म्हणाला, "विकास तर करायचाच ना." हे त्याला गेटपर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ बोलत उभे.

२ डिसें.
उद्या तालुक्याला अर्ज भरायचा शेवटचा दिवस.
पल्लवीचा फोन. "राहा उभी," म्हणाली. मी म्हटलं, तुला तर निवडणूकच नको होती. तर म्हणते, "नकोच आहे. पण होणारच असेल, तर तू."
भाऊ म्हणतात, पडशील, घराण्याची शोभा होईल. ह्यांचं मत, रमेशशेठच्या पॅनलमधून जा, आत राहून अडवता येईल. मला आत राहून अडवणारी माणसं माहीत आहेत. त्यांच्याबरोबर पाच वर्षं चहा प्यायलेय.
निवडून आले तर पोरींची जीप मी चालू ठेवू शकेन का? नियम तोच, अंतर तेवढंच. पडले तर वाडीत परत कोणत्या तोंडाने जाऊ? आणि समजा आले, तर भाऊंनी परत मोटार लावल्यावर मी काढायला लावेन? लिहिताना हो म्हणावंसं वाटतंय.
कोथिंबीर आज सगळी काढली, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवल्यात. उद्या नाशिकला नेली नाही तर पिवळी पडेल.
हे आत्ता दारात येऊन विचारून गेले, "सकाळी टेम्पो कुठे काढायचा? मार्केटला की तालुक्याला?" दोन्हीचे रस्ते उलट दिशेला.
म्हटलं, आधी टेम्पोत डिझेल टाकून आणा.