पुढच्या सायकलवर कोण?

५ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

खूप खूप आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. फोनवर तू मला तीन वाक्यांच्या वर बोलू देत नाहीस आणि माझं म्हणणं तीन वाक्यांत मावत नाही, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसताना हा कागद पुढे ओढलाय. मेहुणेबुवा बरे असतील. भाचीच्या दातांची तार निघाली का? निघाली असेल तर तिचा एक तोंडभर हसणारा फोटो पाठव.

तर बातमी अशी, की आपली सायकलवाली टोळी पुन्हा मोठ्या सफरीला निघतेय. डिसेंबरचा पहिला आठवडा, चार दिवस, तीनशे दहा किलोमीटर. धरणापासून निघायचं, डोंगर चढायचा, पठारावरून दोन दिवस जायचं आणि चौथ्या दिवशी समुद्रावर उतरायचं. रविवारची बैठक नेहमीसारखी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर बसून झाली. मास्तरांनी चढांचा आलेख काढून आणला होता. प्रत्येकाला चढाला किती वेळ लागेल याचं गणित मांडायचं म्हणून त्यांनी सगळ्यांची वजनं विचारली. बेकरीवाली म्हणाली, "मास्तर, वजन मैद्याचं करतात, बायकांचं नाही." मास्तरांनी मुकाट्याने तो रकाना खोडला. गणिताचा माणूस इतक्या लवकर माघार घेताना मी पहिल्यांदाच पाहिला.

एकूण नऊ जण आहोत. प्लंबर हत्यारं आणि जादा ट्यूब घेईल. मागून सामानाची एक गाडी येईल. दोन नवे भिडू आलेत, नवरा-बायको, दोघंही बँकेत. परवा त्यांना मी नियम शिकवत होतो. पुढच्याने रस्त्यावर नजर ठेवायची, खड्डा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तो हात पाहून आपला हात करायचा, असं शेवटच्यापर्यंत. ओरडायचं नाही, कारण मास्तरांच्या मते ओरडलं की माणूस आधी दचकतो, मग ब्रेक दाबतो आणि मग पाच जण एकावर एक. नव्या बाईंनी विचारलं, "पण पुढच्याने हातच केला नाही तर?" सगळे हसले. मीही हसलो. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते, खड्डा दिसत नाही, तेव्हा भरवसा ठेवण्यावाचून दुसरा उपायच नाही, असं काहीतरी मी त्यांना सांगितलं.

गाडं अडलंय ते पुढे कोण राहणार यावर. सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मी म्हणालो, गुडघा कुरकुरतो. तर तुझी वहिनी सगळ्यांसमोर म्हणते, "जिना चढताना तर तो कधी कुरकुरत नाही!" घरचा भेदी म्हणतात तो असा. तसं ती हल्ली माझ्यावर वैतागलेलीच असते. यंदा माझा हात लागून चार कप फुटले. ती म्हणते, "तुमचं लक्ष कुठे असतं?" मी म्हणतो, कप डावीकडे ठेवतेसच कशाला? यावर ती जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मुद्द्यावर येतो. भिंगरी, तू ये. आणि पुढे तू राहा. तुमची बदली होऊन तू गेलीस तेव्हापासून टोळीला तुझ्यासारखी पुढची मिळालेली नाही. तुझा वेग कसा एका लयीत असायचा! मागच्याला दम लागला की तुला पाठीमागे न बघता कळायचं. त्या दिवसाचं मनात धरू नकोस. रस्ताच वाईट होता. दोन वर्षं झाली त्याला, आणि खांदाही आता दुखत नाही असं तूच म्हणालीस.

तुझ्या चष्म्याबद्दलही थोडं बोलायचं होतं. पण ते भेटीत.

तुझा,
दादा

१९ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. मी ते दुकानात तीनदा वाचलं. एक आजोबा चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले होते, त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "एक स्क्रू तर पिळायचाय!" पण माझ्याच्याने तो पिळवला नसता.

तू लिहितेस, "दादा, मी सामानाच्या गाडीत बसून येईन आणि सगळ्यांना केळी सोलून देईन. पण पुढे राहणार नाही, सायकलवरही बसणार नाही. त्या दिवशी तू हात केलास आणि तीन हात अंतरावरून मला तो दिसला नाही. अशा डोळ्यांवर मी नऊ माणसं सोपवू?" इथपर्यंत मी कसाबसा तग धरून होतो. पुढचं वाचून मात्र कागद खाली ठेवला. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर बसायचं काम तू सोडलंस. गेलं वर्षभर बाहेरच्या टेबलावर बसून दुसऱ्यांनी पाहिलेल्या स्लाइडचे रिपोर्ट टाइप करतेस. कारण काय, तर एखाद्याचा आजार तुझ्या नजरेतून सुटला तर? हे तू मला कधी सांगितलंही नाहीस. मला वाटत होतं, फक्त सायकल सुटली.

आता नीट बसून वाच. मी त्या दिवशी हात केला नव्हता.

मुद्दाम नाही. त्या दिवशी पुढे राहायची पाळी माझी होती. वळणाच्या आधीचा तो खड्डा डावीकडे होता आणि मला तो दिसलाच नाही. माझं चाक त्याच्या उजवीकडून गेलं, तुझं त्यात गेलं. मागे आवाज झाला, वळून पाहिलं तर तू धुळीत, खांदा धरून. तू म्हणालीस, "दादा, हात का नाही केलास?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "केला की! तूच पाहिलं नाहीस." भिंगरी, त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. गावभर लोकांचे डोळे तपासणारा मी, एवढा मोठा खड्डा माझ्या नजरेतून सुटेलच कसा? म्हणजे हात केलाच असणार. असा सगळा माझा उफराटा हिशेब.

पण दहा दिवसांनी तो हिशेब चुकला. त्याआधी दोनदा दुकानाच्या दाराची चौकट मला लागली होती. एका दुपारी शटर अर्धं ओढलं, समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर नजर ठेवली आणि डावीकडून बोट हळूहळू आत आणत गेलो. बोट पार समोर येईपर्यंत मला दिसलंच नाही. मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गेलो, इथल्यांकडे नको म्हणून. काचबिंदू. डावा डोळा बराच गेलेला, उजव्याचीही डावीकडची कड पुसट होऊ लागलेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. दोन वर्षं मी दुकानाच्या मोरीत उभा राहून थेंब घालतोय. तुझ्या वहिनीलाही पत्ता नव्हता.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. अवघड पुढेच आहे.

डॉक्टरांकडून आलो, त्याच आठवड्यात तू दुकानात आलीस. हात झोळीत, केस विस्कटलेले. म्हणालीस, "दादा, माझे डोळे तपास. काहीतरी गडबड आहे." मी तुला खुर्चीत बसवलं. तू तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचलास. शेवटच्या ओळीच्या खाली मुंगीएवढ्या टायपात छापखान्याचा पत्ता आहे, तोही वाचलास. तीस वर्षांत तो कुणी वाचला नव्हता. तुझे डोळे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत चांगले होते.

मी सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तुझे डोळे चांगले म्हणजे मग कुणाचे वाईट, हे तू तिथल्या तिथे विचारलं असतंस. आणि मी म्हणालो, "थोडासा आहे हं नंबर. पाव नंबर, लांबचा."

पाव नंबरही नव्हता. त्या चष्म्यात साध्या काचा आहेत, खिडकीला असतात तशा. त्या मी माझ्या हाताने घासून तपकिरी फ्रेममध्ये बसवल्या. तो घालून तू दारात उभी राहिलीस, रस्त्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आता लख्ख दिसतं रे, दादा. बरं झालं कारण सापडलं." किती आनंदाने म्हणालीस! तुला तसंच जाऊ दिलं मी. दोन वर्षं तुझ्या नाकावर माझं खोटं बसलंय आणि त्यासाठी तू सायकल सोडलीस, काम सोडलंस. आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी तर बोंबही मारली नाही, हळू आवाजात, डोक्यावरून हात फिरवत सांगितलं. ते जास्त वाईट.

हे तुला लिहिण्याआधी मी दोन ठिकाणी बोललो. आधी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणून कप." संध्याकाळी आली आणि थेंब किती वाजता घालायचे ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आता वेळ झाली की हातातलं काम टाकून बाटली घेऊन समोर उभी राहते. तिच्यापुढे मान वर करून बसताना मला फार भरून येतं.

मग रविवारी बेकरीत सांगितलं. सगळं, चष्म्यासकट. कुणी ओरडलं नाही. प्लंबर पान्याशी चाळा करत म्हणाला, "आम्ही दोन वर्षं तिला नावं ठेवली, काका." मास्तरांनी पुढच्याच्या जागेसमोरचं माझं नाव खोडलं आणि ती जागा कोरी ठेवली. बेकरीवालीने मला घरी न्यायला ब्रेड बांधून दिला, पण माझ्याकडे न बघता. मला तेवढं पुरे होतं, त्याहून जास्तीला मी पात्रही नव्हतो.

तू आता एक कर. तुझ्या गावातल्या दुसऱ्या कुठल्याही दुकानात जा आणि डोळे तपासून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आणि मग तुझ्या त्या सूक्ष्मदर्शकाच्या खुर्चीवर जाऊन बस. सफरीला येऊ नकोस, माझं तोंडही पाहू नकोस, पण त्या खुर्चीवर बस. हात जोडून सांगतो.

दादा

३० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

चार दिवसांपूर्वी तुझा फोन आला तेव्हा एक बाई फ्रेम निवडत होत्या. तू अर्धा तास बोलत होतीस आणि मी "हं" शिवाय काही बोललो नाही. मध्येच माझे डोळे गळायला लागले. बाई म्हणाल्या, "थेंब घातलेत वाटतं." मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय अशी एका दिवसात जात नाही.

तू जे जे बोललीस ते सगळं मला लागू आहे. एक शब्द मागे घेऊ नकोस. पण त्यात मध्येच तू घाईघाईने सांगितलंस, की लॅबच्या साहेबांनी तुला जुन्या दहा स्लाइड दिल्या आणि तू दहाच्या दहा बरोबर ओळखल्यास. मग तू रडलीस, मग पुन्हा मला झापायला लागलीस. त्या रात्री तुझ्या वहिनीला मी एवढंच सांगितलं, दहापैकी दहा. तिने तो आकडाही कॅलेंडरवर लिहून ठेवला.

तू विचारलंस, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्याच्या उत्तरासाठी हे पत्र. घाबरलो, भिंगरी. आंधळा होईन म्हणून नाही, तेवढं धैर्य आहे माझ्यात. लहानपणी तुला कॅरियरवर बसवून शाळेत सोडायचो तेव्हापासून तुझ्या पुढे मीच होतो. पुढचा माणूस म्हणून तू माझ्याकडे बघायचीस, ते मला फार आवडायचं. ते जाईल याची भीती वाटली. ते टिकवायला मी तुझी नजर काढून घेतली. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. मी शोधून पाहिलं.

फोनवरच्या तुझ्या अटी मास्तरांना सांगितल्या. पुढे तू. तुझ्या लगेच मागे मी, बाकीचे माझ्यापासून अंतर ठेवून. डॉक्टरांनाही विचारलं, तेवढं चालेल म्हणाले. आणि तिसरी अट, की हात बंद, खड्डा आला की तू ओरडून सांगणार, कारण तुझा डावा हात मला दिसणार नाही. मास्तर म्हणाले, नियम बारा वर्षांचा आहे. बेकरीवाली म्हणाली, "मग आता म्हातारा झाला असेल." मास्तरांनी वही काढली आणि नियम खोडला. बँकवाल्या बाई तेव्हापासून ओरडायचा सराव करतायत, शेजारचे तक्रार करतात म्हणे.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "माफ केलं असं समजू नकोस. आधी सायकल चालवू, मग बघू." बरोबर आहे. आणि एवढ्या अर्ध्या तासात तू मला एकदाही दादा म्हणाली नाहीस, तेही माझ्या लक्षात आलं. घाई नाही. चार दिवस आहेत, तीनशे दहा किलोमीटर आहेत. तोवर तो शब्द मी सहीत लिहीत नाही, तुझ्याकडेच असू दे.

तू ज्या बाजूला सांगशील त्या बाजूला वळणारा,
तुझा भाऊ