भाईकाकांच्या स्मरणार्थ पंधरा व्हीलचेअर

२ जानेवारी, सकाळ
नवीन डायरी. मागच्या वर्षीची अकरा जानेवारीलाच संपली, तसं यंदा होणार नाही.

चोवीसला भाईकाकांचं वर्षश्राद्ध. मालवणात दोन बर्फाचे कारखाने, पण चार वाक्यं सलग बोलता यायची नाहीत. जन्मभर मच्छीमारांना बर्फ विकणाऱ्या माणसाला पेपरवाले उद्योगपती म्हणतात. असो. त्यांच्या नावाने अपंग मुलांसाठी ट्रस्ट काढायचं काकीच्या मनात आहे. अध्यक्ष त्याच दिवशी जाहीर करणार. घरात ग्रॅज्युएट पुतण्या मी एकटाच, तेव्हा प्रश्नच नाही. रोज अर्धा तास भाषणाचा सराव.

५ जानेवारी
कणकवलीजवळ अपंग तरुण मुलामुलींची कार्यशाळा आहे. पंधराजण. काकी म्हणाली, "सुदेशा, आधी जावन इचार, तेंका काय व्हया ता." त्यात विचारायचं काय? अपंग म्हटलं की व्हीलचेअर. एवढा कॉमन सेन्स या घरात कुणाला नाही. पंधरा ऑर्डर केल्या. सराव उद्यापासून.

९ जानेवारी
खुर्च्यांच्या पाठीवर छापायला भाईकाकांचा एक धड फोटो नाही. सगळीकडे बनियन, नाहीतर डोळे मिटलेले. शेवटी माझा दिला, गॉगलवाला. खाली 'पुण्यस्मरणार्थ' आणि बारीक अक्षरांत काकांचं नाव. डिझाइन मीच केलं.

जेटीजवळच्या कारखान्यातली खालची मोठी खोली अध्यक्षांची केबिन म्हणून ताब्यात घेतली. एसी बसवला. उकाड्यात समाजसेवा होत नाही.

१४ जानेवारी
खुर्च्या आल्या. कारखान्यातला गंगाराम पाठीवरचा फोटो बघून म्हणाला, "तुमी कदी गेल्यात?" अडाणी माणूस. सराव झाला नाही.

१८ जानेवारी
पत्रिका द्यायला कार्यशाळेत गेलो. शुद्ध फसवणूक. पंधरापैकी सात मूकबधिर, सहा अंध, चालता न येणारे दोनच. त्या दोघांकडेही खुर्च्या आहेत. सगळे बसून मासेमारीची जाळी विणतात, फाटलेली सांधतात. अंध मुलं बोटांनी फाटकी जागा शोधतात म्हणे.

त्यांची पुढारी दिव्या. स्वतः व्हीलचेअरवर, तोंड मात्र सुसाट. "एक फोन करूचो होतो, काकानू," म्हणाली. भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची आहे, दुसरी मिळाली नाही तर कार्यशाळा बंद. मालवणात बंदराजवळ जागा हवी. भाईकाका दर शनिवारी मच्छीमारांची फाटकी जाळी स्वतः घेऊन यायचे, तेही तिनेच सांगितलं. मला वाटायचं, गोव्याला जातात.

जागा पाहिजे म्हणे. देणारा देतो ते घ्यावं, ही साधी रीत यांना ठाऊक नाही. मी तोडगा काढला: फोटोपुरतं सगळ्यांनी बसायचं. बसायला कुणाला डोळे लागतात?

२३ जानेवारी
घसा बसला. सराव न केल्याचा एकच फायदा, नाहीतर पूर्णच गेला असता.

२४ जानेवारी, संध्याकाळ
मुलं बसली नाहीत. स्टेज रिकामं दिसू नये म्हणून खुर्च्यांवर बर्फवाले कामगार बसवले. गंगाराम बसल्या बसल्या झोपला. मागच्या बाजूने आलेल्या दोन म्हाताऱ्या फोटो बघून माझ्या नावाने डोळे पुसू लागल्या. मी समोर उभा राहिलो तरी थांबेनात.

मी माइक घेऊन घसा साफ केला, तेवढ्यात काकी उठली. माइकची तिला गरज लागत नाही. म्हणाली, अध्यक्ष दिव्या. कार्यशाळा एक तारखेपासून आमच्या कारखान्यात, खालच्या मोठ्या खोलीत. "एसी आधीच बसवलो आसा, सुदेशान." टाळ्या पडल्या. आजवर माझ्या नावाला पडलेल्या पहिल्याच.

मग काकीने ओंकारला देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. हा अंध मुलांपैकी एक, आजोबा त्याच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. खणखणीत आवाज. अशा आवाजाचं या मुलाला काय काम, असं मनात आलं.

"बा देवा म्हाराजा, भाईंनी आमच्या हातांका काम दिल्यानी, तेंच्या आत्म्याक शांती दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप.

"आज आमका जी जागा गावली, ती लाभान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी ह्या सुदेशकाकांच्या हातून जा काय चुकला माकला, ता पदरात घी, आनी तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

लहानपणापासूनची सवय. मीही म्हणालो. माइक हातातच होता, आणि चालू होता.