बंद व्हॉल्व्हचा शेरा कायम ठेवण्याबाबत

प्रति,
मुख्य अग्निशमन अधिकारी,
अग्निसुरक्षा तपासणी विभाग, दुसरा मजला.

विषय : माझ्या अहवालातील खोडलेला शेरा कायम ठेवणे व प्रसूतिगृहाची तातडीने पाहणी करणे.
संदर्भ : माझा परवाना निलंबित केल्याचे आपले पत्र, दि. ३ जून.

महोदय,

मी एकवीस वर्षे इमारतींत स्प्रिंकलर बसवतो व तपासतो. आग लागली की छतातला फवारा आपोआप फुटतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्यासाठी पाइपात पाणी लागते, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते.

१. दि. १२ फेब्रुवारीस मी कपडे शिवण्याचा कारखाना तपासला. तळमजल्यावरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून त्यास साखळी-कुलूप घातले होते. व्यवस्थापक म्हणाले, "वर सांधा गळतो, तयार माल भिजतो. आग काय रोज लागते?" मी सांधा त्याच दिवशी बदलून देतो म्हणालो. त्यांना काम थांबवायचे नव्हते. मी अहवालात लिहिले : पाणी बंद, इमारत असुरक्षित.

२. आपल्या लिपिकांनी अहवाल तीनदा परत केला. "या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. स्प्रिंकलर आहेत ना? मग 'आहे' लिहा." मी लिहिले नाही. चौथ्या खेपेस त्यांनीच लिहिले व माझा शेरा 'अनावश्यक मजकूर' म्हणून खोडला. मी मुकाट्याने घरी आलो. तेवढा गुन्हा माझा आहे, तो मी नाकारत नाही.

३. त्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर माझी धाकटी बहीण शिवणकाम करी. मी तिला काम सोड म्हणालो. ती म्हणाली, "दादा, तू लिहून दिलंयस ना? मग करतील की ते." दि. २० मे रोजी सकाळी अकराला आग लागली. फवारे वेळेवर फुटले. त्यांतून ओंजळभर काळे पाणी आले. सात जणी गेल्या. बहीण वाचली, पण तिच्या हातांची बोटे एकमेकांना चिकटली आहेत. तिची वेणी आता माझी बायको घालते.

४. 'अपूर्ण तपासणी'बद्दल माझा परवाना गेला. त्यानंतर दि. १९ ऑगस्टला आपलेच दुसरे पत्र आले : सदर इमारतीची सहामाही तपासणी मुदतीत का केली नाही, याचा खुलासा करावा. महोदय, तिसऱ्या मजल्यास आता छत नाही. निलंबित माणसाने नसलेले छत तपासावे, असा नियम असल्यास त्याची प्रत मिळावी.

५. परवाना परत मागण्यासाठी हा अर्ज नाही. फेब्रुवारीतच मी प्रसूतिगृहाबाबत हाच शेरा दिला होता. तोही खोडला गेला. काल मी तेथे गेलो, तर पहारेकऱ्याने परवाना मागून मला फाटकातूनच परत पाठवले. आपणास कोणी अडवणार नाही. व्हॉल्व्ह जिन्याखाली, मोडक्या खाटांच्या मागे आहे. चाक डावीकडे फिरवावे. पहिला फेरा जड जातो, जोर लावावा. वर एकोणीस बाळंतिणी आहेत. कृपया आजच जावे.

आपल्या उत्तराची नव्हे, आपल्या जाण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
स्प्रिंकलर तपासनीस, परवाना निलंबित
दि. २५ ऑगस्ट

सोबत : १. दोन्ही अहवालांच्या प्रती (खोडलेला मजकूर उजेडात धरल्यास वाचता येतो).
२. प्रसूतिगृहाच्या जिन्याचा हाताने काढलेला नकाशा.