खरखरकाकांच्या पायरीचा दाखला

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू टेबलाच्या खणात झोपवून ठेवलं आहेस, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून हे पत्र. वहिनींचा गुडघा कसा आहे? तेल लावून द्यायचं काम तुझ्याकडे आहे म्हणे, पण तू बाटली त्यांच्या हातात देतोस आणि वर्तमानपत्र उघडतोस. हेडमास्तरकी संपून आठ वर्षं झाली, आता थोडं शिपायाचंही काम शीक.

आता मुद्द्याचं. आपल्या बाजाररस्त्यावरची ती जुनी ओळ, बेकरीपासून फोटो स्टुडिओपर्यंतची, पाडली. तिथे मोठी इमारत होतेय. ज्यांची दुकानं होती त्यांना तळमजल्यावर जागा मिळणार आहे. अडलंय ते खरखरकाकांचं. शिंप्याच्या जिन्याखालच्या पायरीवर लाकडी पेटी घेऊन किल्ल्या करत बसायचे ते. कानशीची खरखर आपल्या गच्चीपर्यंत यायची म्हणून आपणच पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं. अठ्ठावन्न वर्षं तो माणूस त्या पायरीवर बसला, पण ना पाटी, ना परवाना, ना विजेचं बिल. नगरपालिकेच्या ऑफिसच्या लेखी ते तिथे कधी नव्हतेच.

एकच वाट आहे. दोन जुन्या रहिवाशांनी लिहून द्यायचं, की आम्ही यांना लहानपणापासून त्या पायरीवर बसलेलं पाहिलंय. एक सही माझी झाली. दुसरी कुणाची आणू? शिंपी गेला. स्टुडिओवाले मुलीकडे असतात आणि आता मुलीलाही ओळखत नाहीत. उरलास तू. छापील कागद सोबत आहे. दोन ओळी लिही, सही कर, परत पाठव. शेवटची तारीख २० जुलै.

यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. आमचे हे न्हाणीघरात पडले, आतून कडी, आणि मी बाहेर नुसती दार बडवत होते. तेव्हा हाच माणूस पेटी घेऊन जिने चढून धावत आला आणि दोन मिनिटांत दार मोकळं केलं. हे त्यानंतर नऊ वर्षं जगले. ती नऊ वर्षं मी कुठे फेडू?

कळावे. लोभ आहेच, तो या वेळी सहीच्या रूपाने यावा ही विनंती.

तुझी,
मिरी

१५ जून

चि. मिरीस,
अ. आ.

तुझं पत्र आलं आणि तो रस्ता जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला. बेकरीच्या भिंतीला टेकवून ठेवलेले काळे पत्रे आठवतात का? बोट लावलं की चटका बसायचा आणि तरी आम्ही लावायचो. छापखान्याच्या मोरीतून निळंकाळं पाणी वाहायचं. त्यात कागदाची होडी सोडली की पलीकडे पोचेपर्यंत निळी होऊन जायची. शिंप्याच्या खिडकीखाली चिंध्यांचा ढीग असायचा. त्यात मला एकदा मखमलीचा लाल तुकडा सापडला, तो मी भूगोलाच्या पुस्तकात कितीतरी वर्षं जपला. स्टुडिओच्या हिरव्या दाराशी फोटोवाला ओली बोटं वाऱ्यावर धरून उभा असायचा आणि त्याच्या अंगाला आंबूस, औषधी वास यायचा. आता असल्या इमारतीत कसला वास येणार? फरशी पुसायच्या पाण्याचा. माझं ऐकशील तर या सगळ्यावर एक छोटं पुस्तक व्हायला हवं. मी टिपणं काढायला सुरुवात केली आहे.

तुझे ते किल्लीवाले गृहस्थ मात्र मला आठवत नाहीत. मनाला खूप ताण दिला. असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण छत्तीस वर्षं मी मुलांच्या दाखल्यांवर सह्या केल्या. पालक पाया पडले तरी कुणाच्या जन्मतारखेतला आकडा बदलला नाही. जे मला आठवत नाही ते मी पाहिलं असं लिहून देणं मला जमणार नाही. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील, ते मला इथून दिसतंय. वडिलांनी तुझं नाव उगाच नाही ठेवलं.

गुडघ्याला तेल मीच लावतो. तुझ्या वहिनीचं सगळं खरं मानू नकोस.

कळावे. राग दोन दिवस ठेव, लोभ कायम ठेव.

तुझा,
दादा

२३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट जाड होतं म्हणून मी आनंदाने फोडलं. आत तीन पानं आठवणींचं गुऱ्हाळ, आणि सहीचा रकाना कोरा.

आठवत नाही म्हणजे काय रे? शिंप्याच्या चिंध्या आठवतात, आणि त्याच शिंप्याच्या पायरीवर रोज बसणारा जिवंत माणूस आठवत नाही? सातवीत असताना तू सायकलच्या कुलपाची किल्ली तीनदा हरवलीस. तिन्ही वेळा तिथे उकिडवा बसून नवी करून घेतलीस, मी शेजारी उभी होते. आणि तत्त्वाच्या गप्पा मला सांगू नकोस. खोटं लिही असं मी म्हटलेलं नाही, खरं लिही म्हणतेय. वर स्टुडिओचं दार हिरवं म्हणतोस. दार काचेचं होतं, त्यात नवरानवरींचे फोटो लावलेले असायचे. असं पुस्तक काढशील तर लोक हसतील.

मी या महिन्यात चार वेळा त्या ऑफिसात गेले. पहिल्यांदा तिथल्या कारकून बाई रजेवर, दुसऱ्यांदा फोटो लहान, तिसऱ्यांदा फोटो मोठा. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, की दुसरा साक्षीदार नसेल तर तुम्ही येताच कशाला. घरी येऊन मी रडले, रागाने. इकडे खरखरकाका बांधकामाच्या पत्र्यालगत पेटी घेऊन बसतात आणि रखवालदार त्यांना दिवसातून दोनदा उठवतो. शहात्तर वर्षांच्या माणसाने ती पेटी उचलायची, वीस पावलं पलीकडे न्यायची, त्याची पाठ वळली की परत आणायची. त्यांना बंद जागा मिळाली तर निदान पेटी तरी जमिनीवर टेकेल.

कागद पुन्हा पाठवतेय. आठवण्याचा प्रयत्न कर. तुझ्या पुस्तकासाठी करतोस तेवढा केलास तरी पुरे.

मिरी

३ जुलै

चि. मिरीस,
अ. आ.

दार हिरवंच होतं. खालच्या बाजूने रंग उडालेला, आणि शेजारी पाण्याचं गंजकं पिंप. मी शपथेवर सांगतो. सायकलच्या किल्ल्यांचं म्हणशील तर त्या वडील करून आणत असत, तुझीच काहीतरी गल्लत होतेय.

तुझे हेलपाटे वाचून वाईट वाटलं. पण एकदा नाही म्हटल्यावर तू मला पुन्हा पुन्हा का छळतेस, हे मला कळत नाही. त्या रस्त्यावर तेव्हा शंभर घरं होती, कुणीतरी सापडेलच. कागद परत पाठवतो आहे. हा विषय आपण इथे संपवू. वहिनी तुला आठवण सांगते.

दादा

९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू परत पाठवलेला कागद टाकूनच देणार होते, पण एक गंमत झाली. गंमत तरी कसली!

ऑफिसने आता जुन्या ओळीचा नकाशा काढून मागितला. कुठल्या दुकानाला लागून कुठलं, पायरी नक्की कुठे. काही जागा मलाही धड आठवेनात, म्हणून तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले. अर्ध्या तासात कागद चुरगाळला. काही म्हणजे काही जुळेना. मग हिरव्या दारावर बोट ठेवून बसले आणि एकदम लख्ख आठवलं. हिरवं दार होतं. तुझं बरोबर आहे. ते स्टुडिओचं मागचं दार.

बेकरीचे पत्रे मागे निवत ठेवायचे. छापखान्याची मोरी मागे. चिंध्या शिंपी मागच्या खिडकीतून टाकायचा. दादा, तुझ्या सगळ्या रस्त्यात एक पाटी नाही, एक काच नाही, एक गिऱ्हाईक नाही. तो रस्ताच नाही, ती मागची गल्ली आहे. तिथे घोटाभर चिखल असायचा आणि शाळा दुप्पट लांब पडायची. नववीत बुटांच्या चिखलावरून आई वर्षभर तुझ्या नावाने खडे फोडत होती, तेही आता आठवलं. तेव्हा आम्हाला वाटायचं तू तिकडे खेळायला जातोस.

समोरून जाणं तू का सोडलंस? आपल्या घरापासून शाळेपर्यंत त्या रस्त्यावर चुकवण्यासारखा माणूस एकच बसलेला होता. तू त्यांना विसरलेला नाहीस. विसरलेल्या माणसाला इतका राग येत नाही.

मी तुला कोंडीत पकडतेय असं वाटेल. वाटू दे. अकरा दिवस उरले आहेत. काय झालं होतं ते मला सांगू नकोस हवं तर, पण सोबतच्या कागदावर सही कर.

तुझीच,
मिरी

१७ जुलै

चि. मिरीस,
अ. आ.

पाच दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. वहिनीने दोनदा विचारलं. तिला सांगितलं, की मिरीचं नेहमीचंच.

मी नववीत होतो. पुढच्या बाकावरचा तो उंच मुलगा आणि मी, आम्ही घर सोडून दूरच्या शहरात पळून जायचं ठरवलं होतं. काय करायला, ते आता हास्यास्पद वाटतं, म्हणून लिहीत नाही. गाडीभाड्यासाठी मी आईच्या बांगड्या काढणार होतो. वडील दुपारी झोपले होते तेव्हा त्यांच्या कमरेच्या जुडग्यातली कपाटाची किल्ली साबणाच्या वडीवर दाबली आणि ती वडी रुमालात गुंडाळून त्या पायरीवर गेलो.

त्यांनी वडी उन्हात धरून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरचं कुलूप त्यांनीच बसवलं होतं, त्यांना ती किल्ली कळली. तिथे शिंपी होता, दोन गिऱ्हाइकं होती. ते मोठ्याने म्हणाले, की असली कामं मी करत नाही, तुझ्या बापाला घेऊन ये. वडी मोडून दोन तुकडे माझ्या हातात ठेवले आणि घरी जाऊन याच साबणाने हात धू म्हणाले. लोक हसले. त्यांना खरं काय ते कळलं नसावं, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीने गेलो, कॉलेज संपेपर्यंत. रोज वाटायचं, आज ते वडिलांना सांगतील. त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढे मी हेडमास्तर झालो. प्रामाणिकपणावर दरवर्षी भाषण केलं, आणि दरवर्षी तो माणूस मला पहिल्या रांगेत बसलेला दिसला. तुझा कागद आला तेव्हा वाटलं, सही केली तर ते माझं नाव वाचतील आणि आता बोलतील. अडुसष्टाव्या वर्षी मी एका किल्लीवाल्याला घाबरलो. तुला खोटं लिहिलं ते असं.

कागदावर विचारलंय, की अर्जदाराला आपण कसे ओळखता. तिथे हे सगळं लिहिलं आहे, तारखेसकट. सही केली आहे. पाकीट मीच पोस्टात टाकेन, वहिनीच्या हाती देणार नाही.

लोभ ठेव असं म्हणायचा मला अधिकार आहे का, ते तूच ठरव.

दादा

२६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रावर तारीख सतराची आहे आणि पोस्टाचा शिक्का एकविसाचा. चार दिवस ते कुठे होतं, हे मी विचारत नाही. मला तेवीसला मिळालं. वीसला संध्याकाळी पाच वाजता यादी बंद झाली.

तरी मी गेले. बाईंनी कागद वाचला, वाचताना एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि उशिरा आला असा शेरा मारून फाइलला लावला. त्यांच्याशी भांडले. मोठ्याने भांडले, लोक गोळा झाले. शेवटी त्या म्हणाल्या, की १२ ऑगस्टला सकाळी अकराला साहेब तक्रारी ऐकणार आहेत. पण उशिरा आलेला कागद तिथे चालत नाही, साक्षीदार स्वतः उभा राहिला तरच विचार होईल. होईलच असं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मी तुझ्यावर फार चिडलेय. चोरी करायला निघालेल्या पोरावर नाही, तो पोरगा होता. या दीड महिन्यावर चिडलेय.

तुझ्या कागदाची प्रत मी खरखरकाकांना पत्र्यालगत उभी राहून वाचून दाखवली. तुला न विचारता, कारण विचारायला तू पुन्हा चार दिवस लावले असतेस. त्यांनी कानस थांबवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, की तो पोरगा माझ्या भीतीने गल्लीतून जायचा का. मी हो म्हटलं. त्यांनी कानस पेटीत ठेवली. मग म्हणाले, की त्यांना वेगळंच वाटलं होतं. त्यांना वाटलं, गिऱ्हाइकांसमोर आपण त्या पोराला फार बोललो, लागलं असेल. पुढे कितीतरी दिवस शाळा सुटायच्या वेळी ते हातातलं काम ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. तू दिसलास तर तुला हाक मारून जवळ बसवायचं होतं त्यांना. तू दिसलाच नाहीस.

एवढ्यात रखवालदार आला आणि त्याने त्यांना उठवलं. पेटी मी उचलली. फार जड आहे रे ती.

१२ ऑगस्टला ये. पत्र पाठवू नकोस, माझा पोस्टावर आणि तुझ्यावर आता विश्वास नाही. लोभाचं आपण तू इथे आल्यावर बघू.

मिरी