खांब मोकळा आहे

५ जुलै
सान रोकेच्या टेलिफोन केंद्रात आज रुजू झाले. साहेबांनी, सर लिबोरियोंनी, स्वतः गरम पांदेसाल पाव आणि कॉफी मागवली. म्हणाले, खा गं इंदाय पोटभर, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं उडशील आणि तुझा बाप मला जाब विचारेल. सगळे हसले. मीही.

काम आवडीचं आहे. जुन्या तांब्याच्या तारांवर इंटरनेट चालवायचं. तारेतून जाताना संदेशाचा सूर पसरतो, मागचा पुढच्यावर चढतो. मोडेम हा बिघाड मापून नेमकी उलट दुरुस्ती करतो आणि सूर पुन्हा सरळ होतो. शाळा लांब म्हणून बाबांनी मला घरीच शिकवलं. तेही हेच सांगायचे: आधी चूक नीट माप, मग हात लाव.

८ जुलै
साखर कारखान्याच्या लाइनवर दुरुस्तीनंतरही एक घुमारा उरतो. सर म्हणाले, माझी सासूही अशीच कण्हते, दुर्लक्ष करायला शीक. मला जमलं नाही. दुरुस्ती वाढवली. घुमारा आखडला. त्यात आता शब्दांसारखे खंड पडतात.

१० जुलै
तो माणसाचा आवाज आहे. तारेनं पसरवलेला, मी सरळ केलेला. मी अजून वर आहे, म्हणतो. मग विचारतो, खांब मोकळा आहे असं कोण बोललं?

कँटीनच्या तीता बिनिंगना विचारलं. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला आणि सांगितलं. लाइनमन मानोंग तेबान कारखान्याच्या लाइनच्या खांबावर चढला होता. सरांनी न बघताच फोनवर कळवलं, खांब मोकळा आहे, वीज सोडा. तेबान वरच गेला. चौकशीत सर म्हणाले, न सांगता चढला. त्याच्या बायकोलाही तोंडावर तेच ऐकवलं.

रात्रभर चीड उतरली नाही.

१२ जुलै
दुरुस्ती इथंच थांबवता आली असती. आवाज पुन्हा नुसता घुमारा झाला असता. मी शेवटची दुरुस्ती केली. सरांना म्हटलं, लाइन सुधारली, ऐका तरी. हेडफोन मीच त्यांच्या कानांवर बसवले.

त्यांनी सगळं कबूल केलं. रडत, मोठ्यानं. मला वाटलं एवढ्यानं भागेल—

ते खुर्चीतच ताठ झाले. तळहात काळे. हातांजवळ विजेची एकही तार नव्हती.

१४ जुलै
तेबान गप्प. खाली उतरला असावा.
लाइनवर नवा घुमारा आहे.

१५
मोडेम बंद केला. तारा उपटल्या. तरी दिवा हिरवा—दुरुस्ती आपोआप चालूच—
सरांचा आवाज. सरळ होत चाललाय.

तेबान विचारायचा, कोण. सर विचारत नाहीत. हेडफोन कुणी बसवले ते त्यांना—
बोटांना मुंग्या. पेन सोडायचंय, पण मूठ उघड—